पाला सक्करला पोचत का नाही?
माशाचं शरीर, नदी आणि बंधारे: एक इतिहास

आजच्या विषयाचं पत्रक वाचून दोन-तीन जणांनी मला विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता एकदम मासे कुठून आले? (हशा) उत्तर सोपं आहे. मासे याच वस्तीतून आले. जरीपटक्यात राहणाऱ्या माणसाला मासा टाळता येत नाही. चैत्रात गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चेटीचंड असतो, झुलेलालची मिरवणूक निघते, आणि त्या मूर्तीकडे नीट बघितलं तर देव माशावर बसलेला दिसतो. तो मासा म्हणजे कुठलाही मासा नव्हे. तो पाला. सिंधू नदीचा पाला.

हाच मासा बंगालीत इलिश, आपल्या कोकणात पाला किंवा भिंग, आणि आंध्रात पुलसा. शास्त्रीय नाव टेन्युआलोसा इलिशा. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या डॉक्टरने 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत चढतो. उत्तर अमेरिकेतला सॅमन करतो तेच. फरक पुढे सांगतो.

आधी एक कबुली. 1980 च्या दशकात माझे एक वयस्कर शेजारी होते. फाळणीनंतर लहानपणी सक्करहून आलेले. त्यांनी मला एकदा संध्याकाळी विचारलं, “प्रोफेसरसाहेब, पाला अजून सक्करला जात असेल का?” मी तेव्हा तरुण प्राध्यापक, उत्तर जिभेवर तयार. म्हणालो, “काका, जात असणारच. माशाला पासपोर्ट लागत नाही.” ते खूश झाले. हसले. पुढे कितीतरी वेळा त्यांनी माझं ते वाक्य लोकांना सांगितलं. ते गेल्यावर काही वर्षांनी मी या विषयाचं वाचन केलं, आणि लक्षात आलं की माझं उत्तर चुकीचं होतं. मी ते उत्तर दिलं तेव्हा पाल्याचा रस्ता बंद होऊन तीस वर्षं होत आली होती. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

सिंधमध्ये अशी श्रद्धा होती की पाला समुद्रातून निघतो तो सक्करजवळच्या बेटावरच्या जिंदा पीराच्या दर्शनाला. हिंदू त्यालाच उडेरोलाल, झुलेलाल म्हणून भजायचे, मुसलमान ख्वाजा खिज्र म्हणून. दर्शन झालं की मासा परत फिरतो, पण जाताना त्या पवित्र जागेकडे शेपूट करत नाही, असं सांगत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी हे लिहून ठेवलंय. पाला पकडायची रीतही त्यांनी वर्णन केली आहे. मोहाणा कोळी एक मोठं मातीचं मडकं पाण्यात सोडायचा, त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथा पडायचा, हातात लांब काठीचं जाळं. मासा जाळ्यात आला की उचलून त्याच मडक्यात टाकायचा. म्हणजे तेच मडकं नाव आणि तीच टोपली!

आता ही श्रद्धा खुळी म्हणून सोडून द्यायची का? मला तसं वाटत नाही. त्यात निरीक्षण आहे. मासा दरवर्षी ठराविक काळात, नदीला पाणी चढलं की येतो. प्रवाहाच्या विरुद्ध येतो. वर येताना तो फारसा खात नाही, हेही कोळ्यांना माहीत असतं. उपास करून, उलट्या प्रवाहातून, ठरल्या वेळी निघालेल्याला आपण काय म्हणतो? वारकरी म्हणतो. लोकांनी जे बघितलं त्याला आपल्या अनुभवातला शब्द दिला. प्रश्न एवढाच, की त्या यात्रेत माशाच्या शरीरात नेमकं काय घडतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. याचा परिणाम बघा. समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. चारी बाजूंनी पाणी आणि मासा मात्र तहानलेला! लोणच्यातल्या कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच. नदीत आला की गणित उलटं होतं. आता बाहेरचं पाणी अंगात घुसतं आणि क्षार बाहेर निसटतात. वाळत घातलेला मनुका पाण्यात टाकला की फुगतो, तसं. म्हणजे एकाच जन्मात या प्राण्याला कैरीचंही संकट आणि मनुक्याचंही.

यावर तो काय करतो, हे कळायला 1930 साल उजाडलं. होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की समुद्रातले मासे चक्क समुद्राचं पाणी पितात आणि त्यातलं जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. 1932 साली केंब्रिजमध्ये अ‍ॅन्सेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी वामेच्या जातीच्या माशाच्या कल्ल्यांतल्या त्या मीठ फेकणाऱ्या पेशी ओळखल्या. कीज म्हणजे तेच, जे पुढे चरबी आणि हृदयविकाराच्या अभ्यासामुळे जगभर गाजले. मासा नदीत शिरला की कल्ल्यांचं काम फिरतं. मीठ बाहेर टाकणारं यंत्र आता पाण्यातले क्षार वेचून आत घेऊ लागतं. पाणी पिणं कमी होतं, मूत्रपिंड भरपूर आणि पातळ मूत्र बाहेर टाकू लागतं.

हा बदल कोण घडवून आणतं? संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. 1959 साली ग्रेस पिकफोर्ड आणि फिलिप्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. किलिफिश नावाच्या छोट्या माशाची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली, तर तो गोड्या पाण्यात जगत नाही. त्याला प्रोलॅक्टिन दिलं, की जगतो. प्रोलॅक्टिन म्हणजे कोणतं संप्रेरक? आईला दूध आणतं ते! निसर्ग काटकसरी आहे, मंडळी. जुनंच पत्र नवीन पत्त्यावर पाठवतो. आपल्या आईच्या दुधाचा निरोप आणि माशाच्या गोड्या पाण्यातल्या प्रवेशाचा निरोप एकाच रेणूवर लिहिलेला आहे.

आता सॅमनकडे वळू. पॅसिफिक महासागरातला सॉकाय सॅमन समुद्रात चंदेरी असतो. नदीत वर चढताना त्याचं अंग लालभडक होतं आणि डोकं हिरवं. लाल रंग येतो कुठून? समुद्रात खाल्लेल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांमधला रंग त्याच्या मांसात साठलेला असतो, तो आता कातडीत आणि मादीच्या अंड्यांत जातो. नराचा जबडा वाढून आकड्यासारखा वळतो. ऑन्कोरिंकस या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच आकडानाक्या. गुलाबी सॅमनच्या नराला पाठीवर मोठं कुबड येतं. खाणं बंद होतं, जठर आणि आतडी आक्रसतात. चरबी जाळत, आणि मग स्नायू जाळत, तो चढत राहतो. रक्तातलं कॉर्टिसॉल खूप वाढतं, रोगप्रतिकारशक्ती कोसळते, जखमा भरत नाहीत, अंगावर बुरशी येते. अंडी घातली जातात आणि काही दिवसांत नर-मादी दोन्ही मरतात.

इथे आपण सगळे एक चूक करतो. आपण लगेच म्हणतो, बघा, पोरांसाठी देह ठेवला! शाळेच्या परिपाठात सांगायला छान गोष्ट. मी स्वतः वर्गात सांगितली आहे. पण ओसवाल्ड रॉबर्टसन यांचा प्रयोग वाचला आणि मी ती गोष्ट सांगणं बंद केलं. हे रॉबर्टसन पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी रक्तपेढीची कल्पना अमलात आणणारे डॉक्टर. निवृत्तीनंतर माशांकडे वळले. निवृत्त लोकांना काहीतरी लागतंच. (हशा) त्यांनी 1961 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोकनी नावाचा सॅमन, म्हणजे गोड्या पाण्यातच राहणारा सॉकाय, साधारण चौथ्या वर्षी अंडी घालून मरतो. प्रजननाची इंद्रियं वाढीला लागण्याआधीच ती काढून टाकली, तर यातले काही मासे आठ वर्षांपर्यंत जगले. दुप्पट आयुष्य! म्हणजे हा मरण पावतो तो प्रवासाच्या थकव्याने नव्हे, म्हातारपणाने नव्हे. प्रजननाच्या तयारीबरोबर जी संप्रेरकांची लाट येते, तिच्यातच त्याचा मृत्यू आहे.

मग त्याने त्याग केला का? त्याग म्हणायला दुसरा पर्याय समोर असावा लागतो. ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ हे दोन प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलने वेगळे केले. त्याच्या भाषेत निमित्तकारण आणि प्रयोजनकारण. योगायोग बघा, त्याच 1961 साली एर्न्स्ट मायर यांनी जीवशास्त्रातल्या कारणांवर लेख लिहिला आणि हाच भेद नव्या रूपात मांडला. एक जवळचं कारण: शरीरात आत्ता काय घडतंय. एक दूरचं: हजारो पिढ्यांत हे असंच का टिकलं. कॉर्टिसॉल हे जवळचं कारण. दूरचं कारण असं, की ज्या नद्यांत परत जिवंत समुद्रात जाण्याची शक्यताच फार कमी, तिथे सगळं बळ एकाच खेपेत लावणाऱ्यांची पिलं अधिक उरली. दोन्हींत कुठेही माशाचा निर्धार नाही. निर्धार, त्याग, ही भर आपण घालतो.

पाल्याचंच बघा ना. पाला अंडी घालून मरत नाही. परत समुद्रात जातो, पुन्हा येतो. त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणजे शॅड. फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीतले शॅड एकदाच अंडी घालून मरतात, आणि त्याच जातीचे उत्तरेकडच्या नद्यांमधले शॅड पुन्हा पुन्हा येतात. एकच जात, दोन नशिबं. तेव्हा नियम माशाच्या स्वभावात कोरलेला नाही, तो नदीशी झालेला करार आहे. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा इतिहास हा करार मोडल्याचा आहे.

करार मोडला बंधाऱ्यांनी. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात गोदावरीवर धवळेश्वरमला बंधारा बांधला. दुष्काळाने गांजलेला तो त्रिभुज प्रदेश हिरवा झाला. तिथे आजही कॉटन यांचे पुतळे आहेत, लोक त्यांना मानतात, आणि ते योग्यच आहे. पण पुलसा समुद्रातून येतो तो या बंधाऱ्यापाशी अडतो. गंमत अशी, की दक्षिणेतल्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांमुळे मासे वर चढू शकत नाहीत, याकडे 1860 च्या दशकात सरकारचं लक्ष वेधणाऱ्यांत हेच कॉटन होते. चौकशीचं काम आलं फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरकडे. त्यांचा भारत आणि ब्रह्मदेशातल्या मत्स्यव्यवसायाचा अहवाल 1873 चा. म्हणजे आपल्याला कळलं नव्हतं असं नाही. दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्यानंतर काय झालं? सक्करचं धरण 1932 साली पूर्ण झालं. त्याच्याही खाली, समुद्राच्या बाजूला, कोट्रीचं धरण 1955 साली. कोट्री झालं आणि पाल्याचा सक्करचा रस्ता जवळजवळ मिटला. कधीकाळी मुलतानपर्यंत जाणारा मासा कोट्रीच्या खाली कोंडला, आणि वर्षातले कित्येक महिने तिथे नदीत पाणीच उरेना. गंगेतला इलिश एकेकाळी आग्र्यापर्यंत चढायचा. 1975 साली फरक्का सुरू झाला आणि तोही संपला. नर्मदेत भरूचच्या कोळ्यांनी हेच अनुभवलं.

तुम्ही म्हणाल, माशांसाठी पायऱ्या का नाही केल्या? केल्या. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरणाला 1938 साली मत्स्यसोपान बांधले, सॅमन ते चढला. पण सॅमन उडी मारणारा, दणकट मासा. पाला हा हेरिंगच्या कुळातला, बुजरा. हाताळला की खवले झडतात, पाण्याबाहेर काढला की काही क्षणांत मरतो. कोट्रीलाही माशांसाठी वाट ठेवली होती, तिचा पाल्याला उपयोग झाला नाही. एकाच्या पायाचं माप घेऊन दुसऱ्याला जोडा शिवला. शरीर ओळखल्याशिवाय न्याय करता येत नाही, हे मला यातून शिकायला मिळालं, आणि ते फक्त माशांपुरतं नाही.

आता कोणी म्हणेल, एका माशासाठी शेतकऱ्याचं पाणी तोडायचं का? रास्त प्रश्न. सक्करच्या कालव्यांवर लाखो लोक जेवतात. मी धरणविरोधाचं भाषण द्यायला आलेलो नाही. मी एवढंच विचारतो, की किंमत कोणी मोजली? कालव्याचा लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला झाला. मडक्यावर पालथा पडणारा मोहाणा कोणत्या हिशेबवहीत होता? 1940 च्या जून महिन्यात कोलंबिया नदीवर केटल फॉल्सला मूलनिवासी जमाती जमल्या होत्या. ग्रँड कूली धरणामुळे सॅमनचा तो धबधबा बुडणार होता. त्या मेळाव्याला अश्रूंचा सोहळा म्हणतात. निदान त्यांना निरोप घेता आला. सिंधमधून निघालेल्यांना 1947 साली नदीचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही, आणि आठ वर्षांनी माशाचाही रस्ता बंद झाला.

दुरुस्ती होऊ शकते का? काही ठिकाणी झाली आहे. बांगलादेशात आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास बावीस दिवस इलिशची मासेमारी बंद असते. 25 सेंटिमीटरहून लहान पिलं, ज्यांना तिथे जाटका म्हणतात, ती धरायलाही हंगामी बंदी आहे, आणि बंदीच्या काळात कोळ्यांच्या घरी सरकार तांदूळ देतं. 2002-03 मधलं सुमारे दोन लाख टनांचं उत्पादन 2018-19 पर्यंत पाच लाख टनांच्या वर गेलं. यातला तांदूळ विसरू नका. मासा वाचवण्याची किंमत एकट्या गरीब कोळ्यावर न टाकता वाटून घेतली, म्हणून लोक बंदी पाळू शकले. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये पाडली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढण्याचं काम 2024 मध्ये पूर्ण झालं, आणि काही आठवड्यांत सॅमन वर आला. शंभरेक वर्षं त्या पाण्यात त्याचे पूर्वज नव्हते, तरी आला. शरीर तयार होतं. वाट फक्त मोकळी व्हायची होती.

सॅमन घर ओळखतो कसा, तर वासाने. आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी यांनी 1951 साली प्रयोगातून दाखवलं की प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला स्वतःचा वास असतो आणि मासे तो ओळखू शकतात. ही कल्पना हॅसलरना सुचली ती डोंगरात फिरताना. धबधब्याजवळ एक ओळखीचा वास आला आणि एकदम लहानपण आठवलं. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी नागपूरची गोष्ट. आपल्याला वाटतं, समुद्र कुठे आणि आपण कुठे! आपल्या जवळून पिवळी नदी वाहते. ती नाग नदीला मिळते, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते, आणि गोदावरी धवळेश्वरमला. तिथे पुलसा पावसाळ्यात येऊन उभा असतो. समुद्रात असतो तोवर तिकडचे लोक त्याला विलसा म्हणतात, नदीत आला की पुलसा. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. नदीचं गोडं पाणी अंगी लागलं की माशाचं नावही बदलतं आणि किंमतही. त्या गोड्या पाण्यात एक धार जरीपटक्याची आहे. आपण नागेत आणि पिवळीत जे सोडतो, त्याची दिशा तीच.

माझे शेजारी इथल्या बाजारातला पाला घेत नसत. म्हणायचे, “हा समुद्राचा आहे, दर्याहचा नाही.” सिंधीत दर्याह म्हणजे नदी. मी त्याला हळवेपणा समजत होतो. आज कळतं की शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही त्यांचं म्हणणं बरोबर होतं. समुद्रातला पाला आणि नदीतला पाला जात एक असली, तरी कल्ले, रक्त, चरबी यांच्या हिशेबाने वेगळे प्राणी आहेत. नदी त्यांना वेगळं करते.

मी त्यांना म्हणालो होतो, माशाला पासपोर्ट लागत नाही. खरं आहे, लागत नाही. पण वाट लागते. त्यांना ज्या सीमेने अडवलं, ती माशाला दिसलीसुद्धा नसती. माशाला अडवलं ते लोकांच्या भल्यासाठी, सद्हेतूने बांधलेल्या भिंतीने. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायचीही लाज वाटली होती. ते आज, तुमच्याच वस्तीत, इतक्या लोकांसमोर सांगतो.

इथेच थांबतो. आता प्रश्न विचारा. आज जे माहीत नसेल, ते माहीत नाही असंच सांगेन.